एका दिवसाचं टोपडं

"तू येऊ नको म्हणजे नको, तेज्या. पण ढब्बू कशाकशाला घाबरतो, तेवढं आधी सांगून ठेव."

शिवतेजच्या हातात ढब्बूची ओली चड्डी होती. पिळून दोरीवर टाकायची, ती त्यानं परत बादलीत आपटली. पाणी उडालं ते थेट आक्काच्या इस्त्रीच्या कुडत्यावर.

"म्हणजे मी घरात बसायचं आणि माझ्या डोक्यातलं तेवढं डब्यात भरून न्यायचं. लई भारी."

"मी म्हणत नाही. सोबती म्हणतोय."

"सोबती कोण? तुझा सासरा?"

"मेव्हणं, माझ्या बापाला मध्ये आणू नका," दाजी आतून दाढी करता करता म्हणाले.

सोबती म्हणजे फ्रिजवर ठेवलेलं, पानाच्या डब्याएवढं यंत्र. गंमतगडवाल्यांनी पाठवलेलं. कराडच्या अलीकडं, हायवेच्या कडेला, डोंगराला टेकून उभारलेला तो गंमतगड. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बोलणारी झाडं आणि दारात उभा एक पिवळा हत्ती. तिकीट काढलं की सोबती आधी घरी येतो. पाहुण्यासारखा राहतो, सगळ्यांचं बोलणं ऐकतो, पोरं कधी जेवतात, कधी किरकिर करतात ते बघतो आणि सहल आखून देतो. पाच वर्षांच्या आतली पोरं न्यायची म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडापेक्षा तयारी जास्त. कुठं शू, कुठं खाऊ, कुठल्या पाळण्यात कोण कुणाच्या मांडीवर, दुपारची झोप कुठल्या सावलीत. सगळं त्याच्याकडं तयार.

आणि कोण येणार, कोण नाही, तेपण.

तेज्याला खरा राग होता तो त्या टोपड्याचा. कंपनीनं नाव ठेवलेलं 'स्मृतिकवच', पण इचलकरंजीत कोण तसं म्हणतंय. तान्ह्या पोराला घालतात तसलं मऊ सुती टोपडं, आत केसासारख्या बारीक तारा. सगळे टोपडंच म्हणायचे.

गोष्ट साधी होती. लहान पोरं विसरतात. तीन वर्षांच्या पोराला विचारा, परवा काय झालं ते चोख सांगेल. तेच पोर आठ वर्षांचं झालं की त्यातलं काही शिल्लक नाही. कारण मेंदूत आठवणी पहिल्यांदा जिथं उतरतात, तिथं या वयात नव्या पेशी इतक्या झपाट्यानं उगवतात की जुन्या वाटा बुजून जातात. पायवाटेवर गवत चढावं तशा. पण झोपेत मेंदू दिवसभराच्या वाटा पुन्हा एकदा चालून बघतो. गाढ झोपेत त्याच्यात सावकाश लाटा उठतात. लाट बरोबर चढणीला असताना दिवसा ऐकलेला एखादा आवाज हळूच कानात सोडला, की मेंदू तोच दिवस परत चालायला लागतो. टोपडं एवढंच करायचं. लाटेवर नजर ठेवायची आणि आवाज सोडायचा. चार-आठ रात्री हे झालं की पायवाटेची डांबरी सडक. मग म्हातारपणापर्यंत ती जात नाही.

अटी दोनच. एक, आवाज नवा पाहिजे, त्या दिवसापुरताच. दुसरी, एका पोराला एकच दिवस. कारण एक सडक झाली की आजूबाजूच्या पायवाटा जास्तच लवकर बुजतात, असं डॉक्टरांना दिसलं होतं. म्हणून सरकारनं एकदाच, तेही पाच वर्षांच्या आत, करायला परवानगी दिलेली.

आता एकच दिवस म्हणल्यावर माणसं काय गप बसतात? वाढदिवस निवडून बघितले, तर वाढदिवसाला पोरं रडतात. यात्रेत हरवतात. लग्नात झोपतात. शेवटी सगळे गंमतगडला. तेज्याच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना आयुष्यातली पहिली आठवण एकच: पिवळा हत्ती. आणि त्यापायी घराघरांत लढाया. चौगुल्यांनी दारू पिणाऱ्या चुलत्याला दाराला कुलूप लावून आत ठेवला. मुल्लांच्या घरात नातवाच्या मांडीवर कोण बसणार यावरून... म्हणजे नातू कुणाच्या मांडीवर बसणार यावरून दोन्ही आज्या अजून बोलत नाहीत.

आणि आता सोबतीनं तेज्याच्या नावापुढं शांतपणे लिहून ठेवलेलं: न आणण्याची शिफारस.

"नववीत शाळा सोडलेला, उठसूट भांडणारा मामा पोरांच्या डोक्यात नको, असंच ना? तोंडानं बोल की."

"मी असं कधी म्हणाले?"

"तू कशाला म्हणशील. तू यंत्र आणून ठेवलंस म्हणायला."

आक्का, म्हणजे त्याची थोरली बहीण ऋतुजा, नव्या गिरणीच्या कंट्रोल रूममध्ये पाळीवर. दाजी कापड रंगवायच्या प्रोसेसमध्ये. तेज्याचं गणिताच्या सरांशी वाजलं, त्यानं दप्तर उचललं आणि परत गेला नाही, त्या दिवसापासून अन्वी आणि ढब्बू त्याच्याच अंगाखांद्यावर. अन्वी आता पाचाला टेकलेली, ढब्बूनं नुकते तीन पूर्ण केलेले. दोघांची आंघोळ, भरवणं, शेंबूड, सगळं मामा. आणि पुढच्या महिन्यात आक्काची बदली बेंगळुरूला. बिऱ्हाडासकट. मामा इथंच.

त्याला हिशोब कळत होता. शाळा सोडली म्हणून अक्कल सोडली नव्हती. बेंगळुरूला गेल्यावर पोरं वर्षभर मामा मामा करतील. मग गवत चढेल. आणि ते टोपडं घातलं तर वर्षसुद्धा लागणार नाही. ढब्बू मोठा होईल तेव्हा त्याच्या डोक्यात हत्ती असेल, आणि मामा म्हणजे फोटोतला कुणीतरी काळा पोरगा.

"ढब्बू," तो शेवटी म्हणाला, कारण पोराचे हाल त्याला बघवले नसते, "हत्तीबित्तीला घाबरतो. म्हणजे हत्तीला नाही, हत्तीच्या आत माणूस असतो त्याला. संडासातल्या हात वाळवायच्या मशीनला घाबरतो. जेवला की लगेच त्याला शी लागते, तोंडानं सांगत नाही, एका पायावर उभा राहतो. अन्वीला वळणावर उलटी होते. खिडकीला बसवायची आणि समोरच्या ट्रकचा रंग विचारत राहायचं. थांबलात की संपलं."

"नोंद केली," सोबती म्हणाला. "धन्यवाद, शिवतेज."

"गप रे."

आक्का कुडता बदलायला गेली. दाजी गाडी पुसायला. तेज्या आणि तो डबा दोघंच स्वयंपाकघरात उरले.

"एक गोष्ट राहिली," सोबती म्हणाला. "त्या दिवसाचा आवाज. आमच्याकडं धून आहे. पण घरच्या माणसानं केलेला आवाज मेंदू जास्त चांगला धरतो. सुचवाल का? मुलांनी आधी ऐकलेला नको."

तेज्यानं दाराकडं बघितलं. मग ओट्यावरची कणकेची परात पालथी घातली, तिच्यावर जुनं फडकं टाकलं आणि तळहातानं वाजवायला लागला. खट्-खट्-खट्... आणि चौथा जरा उशिरा, अडखळून. खट्. परत तीन, आणि परत तो लंगडा चौथा. रोज दुपारी पोरांच्या पाठीवर तो असाच थोपटायचा. या ठेक्याशिवाय दोघंही डोळे मिटत नव्हती. दुसऱ्या कुणी थोपटलं तर ढब्बू झोपेतच हात झिडकारायचा.

"हा आवाज मुलांनी आधी ऐकलाय का?"

"नाही," तेज्या म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही.

नेऊ देत गंमतगडला, तो मनात म्हणला. रात्री टोपडं वाजणार हे, आणि पोरं परत चालणार माझ्याच वाटेवर. हत्ती बसू दे बोंबलत.

*

रविवारी रंगीत तालीम. सोबतीचा हट्टच होता, आधी घरात एकदा करून बघायची. बोळात दोरी बांधून रांग केली. मोरीला 'तिकडचा संडास' ठरवलं. सोफा म्हणजे गाडी. आक्कानं रजा टाकली होती आणि गळ्यात शिट्टी घातली होती, ती कुठून आणली देव जाणे.

"रांगेत या. अन्वी, हात धर."

"मामाचा धरू?"

"मामा नाहीये इथं."

"हाय की. तो काय तिथं."

तेज्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होता. "मी नाहीये," तो म्हणाला. "आईनं सांगितलंय ना. मी दिसत नाही."

अन्वीला हा खेळ फारच आवडला. ती दर दोन पावलांवर येऊन त्याला हात लावून बघायची, दिसत नसलेला मामा लागतो का. ढब्बू तिच्या मागं. रांग उंबऱ्याशीच संपायला लागली.

मग दाजी पिवळी उशीची खोळ डोक्यात घालून हत्ती झाले आणि दारातून डुलत आले. ढब्बूनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. तो एका पायावर उभा राहिला आणि पुढं जे व्हायचं ते झालं.

"मी सांगितलं होतं," तेज्या म्हणाला.

"तू दिसत नाहीस ना? मग बोलू नको," आक्का म्हणाली. शिट्टी काढून तिनं टेबलावर फेकली.

कसंबसं जेवण उरकलं. दोघांना सतरंजीवर आडवं केलं, टोपडी घातली, नाड्या बांधल्या. टोपड्यात ढब्बू म्हणजे बाळंतविड्यातलं बाळ दिसत होता. आक्का शेजारी बसली. रडून रडून दमलेली पोरं पाच मिनिटांत गाढ झोपली.

"चाचणी सुरू करतोय," सोबती हळू आवाजात म्हणाला. टोपड्याच्या कडेनं बारीक आवाज यायला लागला. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतकाच.

खट्-खट्-खट्... खट्.

ढब्बूच्या ओठांचा कोपरा हलला. अन्वीचा हात सतरंजीवर फिरायला लागला, काहीतरी चाचपडत. "मामा," ती झोपेतच म्हणाली. अगदी सहज, हाक मारावी तशी.

"जुनी वाट आढळली," सोबती म्हणाला. "हा आवाज नवा नाही. चाचणी थांबवतोय."

आक्का हलली नाही. तेज्याला वाटलं आता उठेल आणि ठेवून देईल एक. तो तयारच होता. शेंगांचं सूप बाजूला सारून उभा राहिला.

"मुद्दाम केलंस?"

"होय. मुद्दाम."

"का?"

"का म्हणजे? दोन वर्षं मी यांची हगलेली धुतली. आणि तू त्यांना नवी कोरी आठवण करून देणार, त्यात मी नाही. झाडून काढल्यासारखं. मी नाही झाडून घेणार."

"तुला माहितेय तो तुला का नको म्हणाला ते?"

"माहितेय. नववी नापास—"

"तू नापास कुठं, तू पळालास. आणि त्यासाठी नाहीच." आक्काचा आवाज चढला, मग पोरांकडं बघून तिनं तो दाताखाली धरला. "सोबती, सांग त्याला. मला सांगितलं ते."

"शिवतेज जवळ असताना मुलांचं लक्ष त्यांच्याकडंच राहतं," सोबती म्हणाला. "ते आले तर आठवणीत मुख्य व्यक्ती तेच राहतील. आई-वडील पार्श्वभूमीला, पुसट. पालकांची इच्छा वेगळी असल्यानं त्यांना न आणण्याची शिफारस."

तेज्या परत खाली टेकला.

"एक दिवस मागितला मी," आक्का म्हणाली. "बाकी सगळे तुझेच आहेत. मी जाते तेव्हा ती झोपलेली, येते तेव्हा झोपलेली. त्यांना मी आठवणार ती कशी? दारातनं जाताना. पाठमोरी. एक दिवस मला त्यांच्या तोंडासमोर राहायचं होतं, तर तिथंपण तू येऊन थोपटायला लागलास."

"मग असं सांगायचं होतं. माझी बदनामी कशाला करायची?"

"सांगितलं असतं तर तू राहिला असतास का मागं?"

"नसतो."

"मग."

दाजी दारात येऊन उभे होते, खोळ अजून हातात. "मला दोघांत ओढू नका," ते म्हणाले, "मी फक्त गाडी चालवणार आहे."

तेवढ्यात ढब्बू चाळवला. ठेका अर्धवट थांबला होता ना. त्यानं पाय झाडले, कण्हला. तेज्या पुढं सरकला, पण आक्काचा हात आधी पोचला. तिनं न बघताच त्याच्या पाठीवर थोपटायला सुरुवात केली. तीन. आणि चौथा जरा उशिरा, अडखळून.

ढब्बू गप झाला. हात झिडकारला नाही.

"तू हे कधी शिकलीस?" तेज्या म्हणाला. "मी थोपटताना बघून?"

आक्कानं मान वर केली. त्याच्याकडं अशी बघायला लागली, जसा तो खरंच दिसत नव्हता आणि आता दिसायला लागला.

"तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. माझंच आहे ते."

"तुझं? अरे गाढवा, हा आपला चार नंबरचा माग." ती थोपटतच होती. "आपल्या घरात कापड विणायचे चार माग होते. पुढच्या खोलीत. चार नंबरचा लंगडा होता, सुताचा धोटा परतताना अडकायचा. आई रात्रपाळीला माग चालवायची आणि तू माझ्या मांडीवर. त्या लंगड्या मागाच्या ठेक्यावरच तू झोपायचास. बाबांनी माग विकले तेव्हा तू ढब्बूएवढा होतास. घर एकदम शांत झालं आणि तू झोपेचना. रडून रडून आकडी येईल असं वाटायचं. मग मी हातानं वाजवायला लागले. तुझ्या पाठीवर. तेराची होते मी. हात सुजायचा."

तेज्यानं डोक्यात शोधून बघितलं. पुढची खोली होती, तिच्यात आता दाजींची मोटरसायकल असते. माग एकही नाही. आवाज नाही. आक्काची मांडी नाही. काही म्हणजे काही नाही.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. त्याला त्याचाच राग आला.

"तुला कुठलं टोपडं होतं तेव्हा."

"मग मला येतंय कसं?"

"सवयीची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागात असते," सोबती मध्येच म्हणाला. "तिथं नव्या पेशींचा असा परिणाम होत नाही. तिचा या सेवेत समावेश नाही."

"तुला कुणी विचारलं?" आक्का आणि तेज्या एकदम म्हणाले.

दाजी हसले. मग आक्कापण हसणार होती, पण ती थांबली. तिनं थोपटता थोपटता सोबतीकडं बघितलं, पाळीवर बिघडलेल्या मागाकडं बघत असेल तसं.

"एक सांग. ही सडक झाल्यावर आजूबाजूच्या वाटा बुजतात म्हणालास. कुठल्या?"

"मिळत्याजुळत्या. त्याच माणसांच्या, त्याच घरातल्या."

"म्हणजे याच्या दुपारच्या."

"हो. तुमच्याही. रविवारच्या, आजारपणातल्या. ज्या थोड्या आहेत त्या."

ज्या थोड्या आहेत त्या. डबा काही वाईट हेतूनं बोलला नाही, त्याला हेतूच नव्हता. पण आक्काचा चेहरा असा झाला की तेज्याला त्या डब्याला फ्रिजवरून खाली आपटावंसं वाटलं. त्याची बहीण होती ती. तिला बोलायचं तर त्यानं बोलावं, डब्यानं नाही.

त्यानं काही करायच्या आत आक्कानं ढब्बूच्या टोपड्याची नाडी सोडली. मग अन्वीच्या. दोन्ही टोपडी एकात एक घातली आणि दाजींच्या अंगावर फेकली.

"खोक्यात घाला परत."

"अगं पण परवाची सहल?"

"सहल आहेच. फक्त हत्ती त्यांच्या डोक्यात कायमचा बसणार नाही."

"आणि तुझा दिवस?" तेज्या म्हणाला. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"माझा मी बघते. बेंगळुरूला दिवसपाळी मागते. नाही दिली तर भांडते. तुझीच बहीण आहे." ती उठली, गुडघा चोळला. "बस इथं. थोपट त्याला. नाही, थांब, मीच थोपटते. तू तुझे कपडे भर."

"मी येतोय?"

"अन्वीला ट्रकचे रंग कोण विचारणार? मला गाडी लागते, विसरलास?"

"आणि मेव्हणं," दाजी म्हणाले, "बेंगळुरूलाही यायचं बरं का. पोरं विसरली तर दारात उभं राहून सांगायचं, मी मामा."

"सांगेन की. दरवेळी सांगेन. त्यात काय लाज."

*

सहलीच्या दिवशी सकाळी गाडी दारात. डिकीत पाण्याचे डबे, तीन जास्तीच्या चड्ड्या, तिखट नसलेलं भडंग, आणि सतरंजी. अन्वी खिडकीला बसून आत्तापासूनच ट्रक शोधत होती. आक्का मागं मधोमध, डोळे मिटून, आवळ्याची सुपारी चघळत. दाजी हॉर्न देत होते.

तेज्या घराला कुलूप घालत होता, तेवढ्यात फोन वाजला. गंमतगडच्या बाई. आवाज गोड, घोटून घेतलेला.

"सर, आपण स्मृतिकवच परत पाठवल्याचं दिसतंय. काही तक्रार आहे का?"

"नाही. नको आहे."

"सर, सवलतीत पुन्हा देऊ शकतो. मुलगी पाच वर्षांची व्हायला आलीय. नंतर करता येत नाही."

"माहितेय."

"म्हणजे मुलांना आजच्या दिवसातलं मोठेपणी काहीच आठवणार नाही, याची कल्पना आहे ना आपल्याला?"

"आहे की. पूर्ण आहे."

तिच्या पुढ्यात जे काही बोलायचं ठरवून दिलेलं असेल, ते बहुतेक संपलं. मग ती पहिल्यांदाच माणसासारखं बोलली.

"मग नेता कशाला?"

तेज्यानं गाडीकडं बघितलं. त्याला सांगायचं होतं, चार नंबरच्या मागाचं, लंगड्या ठेक्याचं, सुजलेल्या हाताचं. बाईला पार गप करायचं होतं. त्यानं तोंडसुद्धा उघडलं.

पण गाडीच्या दारात ढब्बू उतरून एका पायावर उभा होता.

"बाई, ठेवतो," तो म्हणाला. "मला आता जायला पाहिजे."